छावणीबाहेरचा निर्वासित

मार्च २०२५ मध्ये केनियाच्या सरकारने ‘शिरिका’ नावाची एक योजना समारंभपूर्वक जाहीर केली. एकत्र येणे, वाटेकरी होणे असा या स्वाहिली शब्दाचा भाव आहे. देशाच्या वायव्येस काकुमा आणि पूर्वेस दादाब येथे निर्वासितांच्या ज्या प्रचंड छावण्या तीन दशकांहून अधिक काळ उभ्या आहेत, त्यांचे हळूहळू साध्या नगरांत रूपांतर करावयाचे, निर्वासितांची आणि स्थानिकांची मुले एकाच शाळेत बसवावयाची, दोघांना एकाच दवाखान्यात औषध द्यावयाचे, असा या योजनेचा आशय आहे. निर्वासिताला छावणीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकू द्यावयाचे नाही असा हट्ट ज्या राज्ययंत्रणेने इतकी वर्षे धरला, तिच्या तोंडी ही भाषा आली याचे स्वागत केले पाहिजे. परंतु योजनेचा सारा भर छावण्यांच्या जिल्ह्यांवर आहे. छावणी मागे टाकून जे स्वतःच्या हिमतीवर राजधानी नैरोबीत आले, अंगमेहनतीने पोट भरू लागले आणि त्या शहराचा एक मोठा बाजार ज्यांनी उभा केला, ते या योजनेच्या केंद्रस्थानी नाहीत. जे शासनाला आता घडवून आणावयाचे आहे, ते ज्यांनी शासनाच्या विरोधाला तोंड देऊन आधीच करून दाखवले, तेच पुन्हा हिशेबाच्या कडेला राहिले आहेत.

निर्वासित म्हटला की तंबूंच्या रांगा, धान्याचे पोते आणि पसरलेला हात हे चित्र डोळ्यांसमोर येते. वर्तमानपत्रांनी, दूरचित्रवाणीने आणि मदतनिधी गोळा करणाऱ्या संस्थांनी ते आपल्या मनावर ठसवले आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. जगातील अर्ध्याहून अधिक निर्वासित आज शहरांत राहतात, आणि सुमारे दोन-तृतीयांश निर्वासितांनी आपल्या लगतच्याच देशात आसरा घेतलेला आहे. युरोप-अमेरिकेत निर्वासितांच्या लोंढ्यांविषयी आरडाओरडा चालतो. प्रत्यक्षात भार वाहतात ते तेहरान, अम्मान, कंपाला, नैरोबी यांसारख्या शहरांतले दाटीवाटीचे मोहल्ले. केनियात आठ लाखांहून अधिक निर्वासित व आश्रयार्थी नोंदलेले आहेत. त्यांपैकी लाखाच्या घरात लोक शहरांत, मुख्यतः नैरोबीत, राहतात. ज्यांची नोंदच झालेली नाही ते वेगळे.

परक्या देशाच्या राजधानीत ही माणसे कशी रुजतात आणि रुजताना त्यांना काय किंमत मोजावी लागते, हा प्रश्न केवळ भूतदयेचा समजण्याची प्रथा आहे. तो वस्तुतः श्रमाचा आणि मजुरीचा प्रश्न आहे, आणि म्हणून कामगार चळवळीचा प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते. नैरोबीच्या उदाहरणावरून तो तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

परक्यांनी वसवलेले शहर

नैरोबी हे काही पुरातन शहर नाही. मोंबासाहून युगांडाकडे जाणारा लोहमार्ग टाकताना १८९९ मध्ये सामानाचे कोठार आणि मुक्कामाचे ठाणे म्हणून ते जन्माला आले. तो लोहमार्ग बांधण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते; त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिकडेच मृत्यू पावले. उरलेल्यांतले बहुतेक परतले, काही तेथेच राहिले. त्यांच्या मागोमाग दुकानदार गेले आणि नैरोबीचा पहिला बाजार ‘इंडियन बझार’ याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९०२ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो बाजार जाळून टाकला. १८९७ सालच्या पुण्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. शहरावर आलेल्या संकटाचे खापर परक्यांच्या वस्तीवर फोडण्याची ही रीत नैरोबीत पुढेही चालू राहिली.

वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी हे शहर वर्णानुसार वाटले. पश्चिमेकडील उंच आणि हवेशीर भाग गोऱ्यांनी घेतला. पूर्वेकडील सखल भाग इतरांच्या वाट्याला आला. या पूर्व भागातली ईस्टली ही वस्ती १९२० नंतरच्या काळात मुख्यतः हिंदी आणि सोमाली लोकांची होती. म्हणजे सोमाली माणूस ईस्टलीत प्रथम आला तो निर्वासित म्हणून नव्हे. केनियाच्या ईशान्य भागात सोमाली भाषा बोलणारे लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत आणि ते केनियाचेच नागरिक आहेत. साम्राज्यांनी नकाशावर ओढलेल्या रेघांनी एका समाजाचे तुकडे केले. त्यांतला एक तुकडा केनियात राहिला. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर या भागात बंड झाले, ते चिरडण्यात आले, आणि पुढे दीर्घकाळ तेथे आणीबाणीचा अंमल राहिला. १९८९ मध्ये तर सरकारने सोमाली वंशाच्या आपल्याच नागरिकांची वेगळी तपासणी करून त्यांच्या हाती वेगळी ओळखपत्रे दिली. नागरिक असूनही संशयित असलेला हा समाज नंतर आलेल्या निर्वासितांचा यजमान झाला. ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही.

जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे मोगादिशूतून पळाला आणि सोमालियाची राज्ययंत्रणा कोसळली. यादवी आणि पाठोपाठ दुष्काळ यांनी लाखो लोकांना सीमेपलीकडे ढकलले. काही जण मोंबासाच्या किनाऱ्यावर बोटींतून उतरले, बहुतेक पायी दादाबकडे आले. आणि ज्यांच्या गाठीला थोडे पैसे किंवा नैरोबीत एखादा नातेवाईक होता, ते ईस्टलीत पोहोचले.

छावणीचा हिशेब

त्यापूर्वी केनियाचे धोरण बरेच उदार होते. इदी अमीनच्या आणि त्याच्या नंतरच्या काळात युगांडातून आलेले शिक्षक, डॉक्टर आणि कारकून केनियात नोकऱ्या करीत असत. त्यांची संख्या मर्यादित होती आणि त्यांच्या शिक्षणाचा देशाला उपयोग होता. १९९१ नंतर संख्या लाखांवर गेली तेव्हा सरकारने हात झटकले. निर्वासित कोण हे ठरवण्याचे आणि त्याला पोसण्याचे काम संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांकडे सोपवले आणि निर्वासिताने छावणीतच राहावे असा दंडक घातला. अशा बंदिस्तीसाठी कायद्याचा स्पष्ट आधार तेव्हा नव्हता. २००६ पर्यंत देशात निर्वासितविषयक कायदाच नव्हता. परंतु पोलिसाच्या दंडुक्याला कायद्याच्या कलमाची वाट पाहावी लागत नाही.

दादाबच्या छावण्या ९० हजार लोकांसाठी आखलेल्या होत्या. २०११ च्या दुष्काळात तेथे साडेचार लाखांहून अधिक माणसे होती. तेथून बाहेर पडावयाचे तर सरकारी परवाना लागतो, आणि तो आजारपण किंवा शिक्षण यांसारख्या कारणांसाठीच मिळतो. छावणीत काम करणाऱ्या निर्वासिताला मजुरी मिळत नाही. ‘प्रोत्साहन भत्ता’ मिळतो. एकाच दवाखान्यात एकच काम करणाऱ्या केनियन कर्मचाऱ्याचे वेतन आणि निर्वासिताचा हा भत्ता यांत कित्येक पटींचे अंतर असते. श्रम तोच, दाम निराळा, आणि फरकाचे कारण एवढेच की एकाजवळ नागरिकत्वाचा कागद आहे आणि दुसऱ्याजवळ तो नाही. समान कामाला समान दाम ही मागणी ज्यांनी आयुष्यभर केली, त्यांना यातला अन्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

बरे, छावणीत निदान पोटाची तरी हमी आहे काय? २०२५ मध्ये श्रीमंत राष्ट्रांनी, विशेषतः अमेरिकेने, मदतीचा हात आखडता घेतल्यावर केनियातील छावण्यांमधला शिधा ठरलेल्या प्रमाणाच्या एक-तृतीयांशाहूनही खाली आणावा लागला. दादाबमध्ये जन्मलेल्या मुलांना आता मुले झाली आहेत. ज्यांनी छावणीबाहेरचे जग पाहिले नाही, ज्यांना शेत नाही, गुरे नाहीत, काम करण्याची मुभा नाही, त्यांची भाकरी दूरच्या एका संसदेतील अंदाजपत्रकावर अवलंबून आहे. अशा स्थितीत तरुण माणूस छावणी सोडून राजधानीची वाट धरतो, यात बेशिस्त कसली? घाटावरचा शेतमजूर ज्या कारणाने मुंबईच्या गिरणीत आला, त्याच कारणाने दादाबचा तरुण नैरोबीला जातो.

पाय रोवण्याची रीत

दादाब ते नैरोबी हे अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत चौक्या आहेत आणि चौकीगणिक देणे आहे. शहरात उतरलेल्या माणसाजवळ बहुधा एकच भांडवल असते: एक पत्ता. तो पत्ता आपल्या कुळातल्या, आपल्या गावच्या माणसाचा असतो. सोमाली समाज कुळांमध्ये बांधलेला आहे, आणि आलेल्याला चार रात्री झोपायला जागा आणि ताटात वाटा देणे हे कुळाचे कर्तव्य मानले जाते. कामगार मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्यांनी आणि खानावळींनी जे केले तेच काम ईस्टलीत कुळ करते. या नात्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्यांचे कुळ दुबळे, जे सोमाली समाजातच हीन लेखले जातात, त्यांना ईस्टलीतही शेवटची खोली आणि सर्वांत हलके काम मिळते. काँगोतून आलेल्यांना तर हा आधार नाहीच. ते शहराच्या पूर्वेकडील कायोलेसारख्या दुसऱ्या गरीब वस्त्यांत आपापल्या चर्चच्या आसऱ्याने राहतात.

दुसरी गरज जागेची. ओळखपत्र नसलेल्याला भाडेपत्र करता येत नाही, म्हणून नागरिक असलेल्या सोमालीच्या नावावर खोली घ्यायची आणि तीत दोन-तीन कुटुंबांनी राहायचे. याच गरजेतून ईस्टलीचा बाजार जन्मला. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘गारिसा लॉज’ नावाच्या एका निवासगृहात निर्वासितांनी खोल्या घेतल्या. रात्री अंथरूण टाकायचे आणि दिवसा ते गुंडाळून त्याच खोलीत कापड, भांडी, घड्याळे मांडून विकायची. हळूहळू झोपणारे दुसरीकडे गेले आणि सारी इमारतच बाजार झाली. तिचे पाहून शेजारी बहुमजली बाजार उभे राहिले. आज शेकडो गाळ्यांच्या अशा इमारतींनी ईस्टलीचे रस्ते भरून गेले आहेत. गाळा मिळवण्यासाठी भाड्याव्यतिरिक्त जी मोठी रक्कम आगाऊ मोजावी लागते, तिला आपल्याकडे पागडी म्हणतात. ती प्रथा तेथेही आहे.

तिसरी गरज भांडवलाची. बँकेत खाते उघडता येत नाही, तारणाला काही नाही. सोमाली बायकांनी येताना आपली एक जुनी संस्था बरोबर आणली होती. दहा-वीस जणींनी दर महिन्याला ठरावीक रक्कम एकत्र करायची आणि ती पाळीपाळीने एकीला द्यायची. तिला ते ‘अयूतो’ किंवा ‘हगबद’ म्हणतात. आपण भिशी म्हणतो. पाळी आली की शिवणयंत्र येते, चहाची टपरी उभी राहते, कपड्यांचा पहिला गठ्ठा घेता येतो. परदेशी पोहोचलेले भाऊबंद हवाल्याने पैसे पाठवतात. घाऊक व्यापारी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर माल उधार देतो. शब्द मोडला तर न्यायालय नाही, पण कुळातले वडीलधारे निवाडा करतात, आणि बाजारातून पत गेली की माणूस उठला.

या पायावर उभा राहिलेला व्यापार लहान नाही. दुबईहून आणि पुढे चीनमधून येणारा माल ईस्टलीत उतरतो आणि तेथून साऱ्या नैरोबीत, देशाच्या कानाकोपऱ्यात आणि सीमेपलीकडेही जातो. शहरातला गरीब ग्राहक स्वस्त कापडासाठी तेथे येतो. इसिओलोच्या बाजूच्या पशुपालक बायका उंटिणीचे दूध रोज बसमधून ईस्टलीला पाठवतात. म्हणजे निर्वासितांच्या वस्तीने केनियातल्याच कोरडवाहू मुलखाला एक बाजारपेठ मिळवून दिली. गाळ्यांत माल चढवणारा हमाल, पहारेकरी, बांधकामावरचा गवंडी यांत केनियाच्या इतर समाजांतले कामगार मोठ्या संख्येने आहेत. निर्वासित येतो तेव्हा तो केवळ एक खाणारे तोंड घेऊन येत नाही. काम करणारे दोन हात आणि विकत घेणारी एक गरजही घेऊन येतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या भाषणांतून मात्र हटकून गळते.

हप्त्याची राजवट

या कर्तबगारीचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. मुक्त बाजारपेठेचे भक्त नेमके तेच करतात. बघा, शासनाची मदत नाही, कायद्याचे संरक्षण नाही, तरी माणसे वर आली. मग शासन हवे कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे.

कायद्याचा आधार नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ईस्टलीतल्या निर्वासिताला जे हक्काने मिळत नाही, ते त्याला रोज विकत घ्यावे लागते. रस्त्यावर पोलीस कागद मागतो. कागद नसेल तर पैसे, आणि कागद असला तरी पैसे. निर्वासित म्हणजे पोलिसांचे पैसे काढण्याचे यंत्र, असे ईस्टलीत उघड बोलले जाते. खोली ज्याच्या नावावर आहे तो भाडे वाढवील किंवा बाहेर काढील. दाद कोठे मागणार? दुकानाचा परवाना ज्या नागरिकाच्या नावावर आहे त्याने दुकानच गिळले तर फिर्याद कशी करणार? मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय केनियात २००७ पासून घरोघरी पोहोचली, परंतु तिलाही ओळखपत्र लागते. म्हणून ती दुसऱ्याच्या नावावर घ्यायची. एका कागदाच्या अभावी माणसाच्या कमाईचा केवढा हिस्सा दलाल, घरमालक आणि शिपाई यांच्या खिशात जातो, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही. सरकारी तिजोरीत जो कर यावयाचा तो हप्त्याच्या रूपाने झिरपून जातो, आणि त्याच ईस्टलीचे रस्ते वर्षानुवर्षे चिखलात आणि गटारांच्या पाण्यात बुडालेले राहतात.

हप्त्याच्या या नित्य राजवटीत अधूनमधून दडपशाहीच्या लाटा येतात. २०१२ च्या अखेरीस ईस्टलीत स्फोट झाले आणि डिसेंबरमध्ये सरकारने फर्मान काढले की शहरांतील सर्व निर्वासितांनी छावण्यांत जावे. ‘कितुओ चा शेरिया’ या कायदेविषयक साहाय्य देणाऱ्या संस्थेने आणि काही निर्वासितांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै २०१३ मध्ये न्यायमूर्ती डेव्हिड मजांजा यांनी ते फर्मान रद्द ठरवले. माणसाची प्रतिष्ठा आणि संचारस्वातंत्र्य यांना या फर्मानाने धक्का पोहोचतो, आणि सरसकट सर्व निर्वासितांना हलवल्याने सुरक्षितता कशी वाढणार हे सरकारला दाखवता आलेले नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ होता. आफ्रिकेतल्या एका गरीब देशातल्या न्यायालयाचा हा निकाल श्रीमंत राष्ट्रांच्या न्यायमंडळांनीही अभ्यासावा असा आहे.

परंतु सप्टेंबर २०१३ मध्ये नैरोबीतल्या वेस्टगेट या बाजारसंकुलावर अतिरेक्यांनी हल्ला करून ६७ जणांचे प्राण घेतले. तो हल्ला अमानुष होता आणि त्याचा निषेध करताना आम्हांला कोणतीही पुस्ती जोडावयाची नाही. जनतेचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्यच होते. ते कर्तव्य कसे बजावले गेले? एप्रिल २०१४ मध्ये ईस्टलीला वेढा घालून घरोघर झडत्या झाल्या, चार हजारांच्या आसपास माणसे पकडून त्यांतल्या अनेकांना कासारानीच्या क्रीडांगणात कोंडले आणि शेकडोंना सोमालियात परत धाडले. पकडलेल्यांत बायकामुले होती, केनियाचे नागरिकही होते. बाजार थंडावला, अनेक व्यापाऱ्यांनी बस्तान हलवले. आणि एवढे करून सुरक्षितता आली काय? एप्रिल २०१५ मध्ये गारिसाच्या विद्यापीठात १४८ जणांची कत्तल झाली. त्यानंतर सरकारने हवाल्याचा व्यवहार करणाऱ्या १३ संस्थांचे परवाने स्थगित केले. अतिरेक्यांबरोबर हजारो गरीब कुटुंबांच्या महिन्याच्या खर्चाची वाट बंद झाली. दोन महिन्यांनी ती बंदी उठवावी लागली. साऱ्या वस्तीला गुन्हेगार ठरवले की त्या वस्तीतला माणूस पोलिसाला काही सांगायला पुढे येत नाही, आणि खरा गुन्हेगार त्याच मौनाचा फायदा घेतो, एवढे शहाणपण या अनुभवातून यावयास हरकत नाही.

निर्वासित हा एक वर्ग नव्हे

आता दुसऱ्या बाजूचा विचार केला पाहिजे. ईस्टलीत बाजार वाढला तशी भाडी वाढली आणि पूर्वीच्या कित्येक भाडेकरूंना वस्ती सोडावी लागली. आयात केलेल्या स्वस्त कपड्यांनी स्थानिक शिंप्याचा धंदा बसवला. कमी मजुरीत राबायला तयार असलेली परकी मोलकरीण स्थानिक मोलकरणीला नकोशी वाटली तर तिला संकुचित म्हणून हिणवणे हा सुखवस्तू उदारमतवाद झाला. ज्याला स्पर्धा सोसावी लागत नाही त्याने स्पर्धा सोसणाऱ्याला माणुसकी शिकवू नये.

परंतु भाडी कोणी वाढवली? बाजाराच्या इमारती बांधणाऱ्यांत सोमाली धनिक आहेत, केनियन धनिक आहेत, परदेशी गेलेल्यांचा पैसाही आहे. पागडी घेणारा आणि पागडी देणारा हे दोघेही सोमाली असू शकतात; त्यांचे हितसंबंध एक नाहीत. गाळ्यांचा मालक आणि त्याच्या घरी धुणीभांडी करणारी निर्वासित मुलगी एकाच मशिदीत जातात म्हणून त्यांचा वर्ग एक होत नाही. तो मालक हप्ता देऊन सुरक्षित राहतो. क्रीडांगणात कोंडली जाते ती ती मुलगी. ‘सोमाल्यांनी शहर विकत घेतले’ अशी आरोळी जेव्हा उठते, तेव्हा ती मालकाला लागत नाही, मजुराला लागते.

मजुरीच्या दरांचे गणितही नीट मांडले पाहिजे. स्थानिक मोलकरणीची मजुरी पडते ती निर्वासित मोलकरीण शहरात आली म्हणून नव्हे, तर ती तक्रार करू शकत नाही म्हणून. जिला किमान वेतन मागता येत नाही, संघटनेची सभासद होता येत नाही, मालकाने महिन्याचा पगार बुडवला तरी पोलीस ठाण्याची पायरी चढता येत नाही, तिला मालक प्रथम पसंत करणार हे उघड आहे. तिला कागद द्या, हक्क द्या, मजुरीचा तोच दर लागू करा. मालकाची ती पसंती नाहीशी होईल. निर्वासिताला हाकलून स्थानिक कामगाराची मजुरी वाढत नाही, कारण त्याला कितीही वेळा हाकलले तरी तो परत येतो आणि अधिक भेदरलेला, म्हणून अधिक स्वस्त होऊन येतो. केनियाचा तीन दशकांचा अनुभव याहून वेगळे काही सांगत नाही.

हा विचार नैरोबीला नवा नाही. १९३५ मध्ये पंजाबातून गेलेल्या मखन सिंग यांनी हिंदी कामगारांची संघटना सर्व वर्णांच्या कामगारांना खुली केली आणि तिला केनियाची कामगार संघटना असे रूप दिले. हिंदी मजूर आणि आफ्रिकन मजूर यांचे मजुरीचे दर वेगळे ठेवून दोघांना एकमेकांविरुद्ध वापरण्याची वसाहतवाल्यांची नीती त्यांनी ओळखली होती. त्याची किंमत त्यांनी १९५० ते १९६१ अशी अकरा वर्षे स्थानबद्धतेत राहून मोजली. गोव्याच्या एका कुटुंबातले, नैरोबीत जन्मलेले पिओ गामा पिंटो गोवामुक्तीच्या कार्यात वावरले आणि परत जाऊन केनियाच्या स्वातंत्र्यासाठी व समाजवादासाठी झगडले. फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीतच गोळ्या घालून त्यांचा खून झाला. परक्याचे आणि घरच्या कष्टकऱ्याचे हित एकत्र बांधता येते, हे या दोघांनी त्या शहरात आचरून दाखवले आहे.

केनियाच्या २०२१ च्या नव्या निर्वासित कायद्याने काम करण्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला, हे पुढचे पाऊल आहे. परंतु ठरवून दिलेल्या क्षेत्रातच राहण्याची अट त्याच कायद्यात कायम आहे. बाजार राजधानीत आणि राहण्याची परवानगी वाळवंटात, अशी ही विभागणी आहे. हक्काचा कागद एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आपल्या दाराशी

केनियाला उपदेश करताना आपण आपल्या राजधानीकडेही पाहिले पाहिजे. म्यानमारचे चिन लोक पश्चिम दिल्लीत विकासपुरीच्या आसपास, अफगाण लाजपतनगर व भोगल भागात, रोहिंग्या कालिंदी कुंजजवळच्या झोपड्यांत राहतात. त्यांच्याजवळ राष्ट्रसंघाचे ओळखपत्र असले तरी भारतीय कायद्यात त्याला निश्चित स्थान नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर आपण सही केलेली नाही आणि आपला असा निर्वासित कायदाही नाही. १९४६ चा परकीय नागरिकांविषयीचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. त्यातही निर्वासित आणि घुसखोर यांत फरक करणारी सर्वसाधारण तरतूद नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने काहींना दार उघडले, परंतु धर्म विचारून उघडले. १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जीविताचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, केवळ नागरिकाला नाही. तेवढा एक धागा सोडला तर दिल्लीतला निर्वासित त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर आणि बीटच्या पोलिसावर अवलंबून आहे. ब्रह्मदेशातल्या लोकशाहीवादी विद्यार्थ्यांना जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या सरकारी बंगल्यात आसरा दिला, याचा समाजवाद्यांना अभिमान आहे. परंतु एका थोर माणसाचे औदार्य हा कायद्याला पर्याय होऊ शकत नाही.

आणि कायदा काय करू शकतो हे आपण महाराष्ट्रातच पाहिले आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले. त्याच छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. ते लोक ईस्टलीतल्या सोमालींपेक्षा अधिक कष्टाळू होते असे कोणी म्हणणार नाही. फरक एवढाच की ते पहिल्या दिवसापासून नागरिक होते. त्यांना दुकान स्वतःच्या नावावर काढता आले, मत देता आले, नगरपालिकेत निवडून जाता आले. तेथेही दलाल होते आणि बेकायदा इमल्यांचा बाजार होता. परंतु केवळ भाषा सिंधी आहे म्हणून कोणाला क्रीडांगणात कोंडता आले नाही.

म्हणून नैरोबी असो की दिल्ली, मागणी सारखीच आहे. आलेल्या माणसाची नोंद जेथे तो राहतो तेथेच व्हावी आणि तिचा कागद बँकेने, शाळेने, पोलिसाने मान्य करावा. त्याला काम करण्याचा हक्क असावा आणि किमान वेतनाचा नियम त्यालाही लागू असावा. कामगार संघटनांनी त्याला सभासद करून घ्यावे. त्यांनी दार लावले तर मालक आपले दार उघडे ठेवूनच बसला आहे. आणि ज्या महानगराच्या गरीब वस्त्या हा भार उचलतात, त्या वस्त्यांना पाणी, शाळा आणि रस्ते यांसाठी जगाच्या मदतीचा वाटा थेट मिळावा; आज तो जवळपास सगळा छावण्यांकडे जातो.

या मागण्या मान्य झाल्या तर निर्वासितांचा ओघ वाढेल, असे भय घातले जाते. जानेवारी १९९१ मध्ये मोगादिशू सोडणाऱ्या कोणी नैरोबीतले किमान वेतनाचे दर विचारून पाऊल उचललेले नव्हते. माणसे येतात ती मागे आग लागली म्हणून, आणि ती आग विझेपर्यंत येतच राहणार. आलेला माणूस शहरात हक्काचा कामगार म्हणून जगणार की हप्ता देणारे भक्ष्य म्हणून, एवढेच ठरवणे यजमान देशाच्या हाती असते. त्या निर्णयावर त्याच शहरातल्या स्वतःच्या कामगाराची मजुरीही ठरते, हे नैरोबीच्या आणि दिल्लीच्या कामगार संघटनांनी लवकर ओळखावे.